खालची खोली

३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

उशिरा लिहितेय म्हणून रागावू नकोस. शाळांसाठी खंडाच्या भूगोलाचं नवं पुस्तक करायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलंय, आणि गेले तीन महिने मी डोंगर-नद्यांतून वर डोकं काढलेलं नाही. पर्वतरांगा झाल्या, वाळवंट झालं, तांब्याच्या खाणी झाल्या, किनाऱ्यावरची मिठागरं झाली. आता गाडी तुमच्या खचदरीत येऊन अडकली आहे. खचदरी म्हणजे खंडाची जमीन दोन्हीकडून ताणली जाऊन मधली पट्टी खाली बसली, ती लांबलचक दरी. तिच्यात ओळीने सरोवरं साचली आहेत, त्यातलंच एक तुमच्या दाराशी आहे. जुन्या पुस्तकात त्याला चार ओळी आहेत: लांबी, रुंदी, खोली आणि ‘मासळी विपुल’. मुलांनी एवढंच घोकायचं.

मला वाटलं, आपली वहिनी त्या काठावर राहते, तिलाच विचारावं. पाऊस कधी येतो, वारा कुठून वाहतो, जमीन कशी आहे, आणि तो पाण्यातला वायू काढतात तो प्रकार काय आहे, हे सगळं तुझ्या शब्दांत लिही. दादाला विचारलं असतं, पण तो आकडे लिहितो आणि शेवटी ‘बाकी ठीक’ म्हणून सही ठोकतो.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, मी जेवते. दोन्ही वेळा.

तुझी,
नकाशेबाई (नाव तूच ठेवलंस, आता भोग)


१९ ऑगस्ट

प्रिय नकाशेबाई,

माझ्या शब्दांत लिही म्हणतेस, पण माझे शब्द धुलाईवालीचे. आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा कपडे वाळत नाहीत. कंपनीच्या शंभरेक माणसांचे गणवेश आणि कचेरीचे पडदे मी धुते, त्यामुळे हवामानाचं माझ्याइतकं कुणी मनावर घेत नसेल. वारा दुपारी पाण्यावरून येतो. सकाळी मात्र पान हलत नाही. जमीन काळी, जुन्या ज्वालामुखींच्या राखेची. काठी रोवली तरी पालवी फुटेल अशी.

वायूचं तुझ्या दादाने एकदा सांगितलं होतं. सरोवराच्या तळाशी, वरच्या पाण्याच्या वजनाखाली, वायू विरघळून दाबून बसलेला आहे. झाकण लावलेली सोड्याची बाटली समज. पाण्यावर यांचा तराफा तरंगतो. त्यावरून लांब नळी खाली सोडली की खालचं पाणी आपोआप फसफसत वर येतं. त्यातला जळणारा वायू वेगळा करतात आणि त्यावर सगळ्या गावात दिवे लागतात. तुझा दादा त्या तराफ्यावर फोरमन झालाय, हे त्याने तुला कळवलं नसणारच.

आमचं घर पाहिलेलं नाहीस. उतारावर एकावर एक ठेवलेली तीन खोकी आहेत, बस. वर शिंपीणबाई राहतात, त्यांची शिवणाची यंत्रं आणि माझी इस्त्री एकाच खोलीत. मधे आम्ही दोघं. सगळ्यात खाली, अंगणातून आणखी दोन पायऱ्या उतरून, आईंची खोली. जिना चढायला नको, खोली गार, दारातून पाणी दिसतं. आई खूश आहेत.

आणखी एक, पुस्तकात घाल किंवा नको. बाजारामागे एक खोलगट जागा आहे. तिला इथले लोक ‘झोपेचा खड्डा’ म्हणतात. तिथे गवत हिरवंगार, पण कुणी शेळी सोडत नाही. गेलेली शेळी तिथेच निजते आणि उठत नाही म्हणे. मी विचारलं, साप आहे का? शिंपीणबाई म्हणाल्या, साप असता तर मारला नसता का.

तुझी,
वहिनी


२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. सोड्याची बाटली साहेबांना फार आवडली, ती जशीच्या तशी घेणार आहोत. ‘साधनसंपत्ती’ या धड्यात तुमचं सरोवर पहिलं येणार. झोपेचा खड्डा मात्र गाळावा लागेल. साहेब म्हणतात, पाठ्यपुस्तकात भुताखेतांना जागा नाही.

आईचं काहीच लिहिलं नाहीस. खूश आहे, एवढ्याने माझं भागत नाही. सविस्तर लिही.

तुझी,
नकाशेबाई


२१ सप्टेंबर

प्रिय नकाशेबाई,

सविस्तर लिही म्हणतेस, तर लिहिते. आईंचं हल्ली बरं नाही. तसं दुखणं म्हणावं असं काही नाही. सकाळी उठत नाहीत. ज्या बाईने मला लग्नानंतर कधी उजाडल्यावर झोपू दिलं नाही, ती आता मी हलवून हलवून उठवते तेव्हा डोळे उघडते. डोकं दुखतं म्हणतात. बसल्या जागी धाप लागते, जिना चढून आल्यासारखी. दुपारी वारा सुटला की पुन्हा ठणठणीत, माझ्या इस्त्रीतल्या चुका काढायला मोकळ्या.

माझंही चित्त ठिकाणावर नाही. त्यांच्या खोलीत सकाळी शेगडी पेटत नाही. कोळसा कोरडा, काडी कोरडी, तरी काडी खाली नेली की विझते. काल अंगणात मांजर मेलं. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही, उन्हाला पसरल्यासारखं पडलं होतं. आईंना सांगितलं नाही, त्यांचं लाडकं होतं.

मला वाटतं, आईंनी काही दिवस तुझ्याकडे यावं. इथली हवा त्यांना मानवत नाही. मीही रोज सकाळी ते दार उघडायच्या आधी बाहेरूनच दोनदा हाक मारते, आत काय बघायला मिळेल म्हणून. तुझ्या दादाला बोलले तर तो म्हणतो, वय झालं. एवढंच म्हणतो आणि बूट घालतो.

वहिनी


४ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईचं वय झालंय, ती उशिरा उठते, कुरकुरते, चुका काढते. हे सगळ्याच घरांत असतं. तुला तिचं करणं जड जात असेल तर तसं सरळ म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. पण हवेवर, शेगडीवर आणि मांजरावर ढकलू नकोस.

माझी इथली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मी दिवसभर घरात नसते. तिला कुणाच्या भरवशावर ठेवू? पुस्तक छपाईला जाईपर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नाही. तोवर सांभाळ. दादा कमावतो, तू घरी असतेस, आणि ती तुमच्याकडे स्वतःच्या मर्जीने राहते.

हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण मनात ठेवून गोड लिहिणं मला जमत नाही.

धाकटी


१७ ऑक्टोबर

वन्सं यांस,

तुमचं पत्र पोचलं.

मी घरी असते हे खरं आहे. घरी बसून शंभर माणसांचे कपडे धुते, एवढं पुस्तकासाठी टिपून ठेवावं.

तुमच्या आईंचं करणं मला जड जात नाही. पहिल्या बाळंतपणात मूल गेलं तेव्हा महिनाभर त्यांनी मला कुशीत घेऊन निजवलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगणार नव्हते.

आजची हकीकत कळवते आणि थांबते. सकाळी आईंना उठवायला गेले. त्या जाग्या झाल्या, पण मला ओळखेनात. दोन्ही काखांत हात घालून अंगणात आणि तिथून रस्त्यावर आणलं. रस्त्यावर आल्यावर पाच-दहा श्वासांत त्या शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, ‘मला अशी फरफटत कुठे नेतेस?’ मग मी त्यांचं पांघरूण आणायला परत खाली गेले. वाकून उचलायला लागले तर माझेच गुडघे दुमडले. तोंडात आंबट चव आली. कशी बाहेर आले ते मला ठाऊक नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्या खोलीत काहीतरी आहे आणि ते जमिनीलगत असतं.

आपली,
वहिनी


३० ऑक्टोबर

वहिनी,

हात जोडून माफी मागते. सविस्तर माफी नंतर मागेन, आधी हे वाच आणि लगेच कर.

तुझं शेवटचं पत्र घेऊन मी आमच्या नकाशा विभागातल्या म्हाताऱ्या भूगर्भवाल्याकडे गेले. त्याने ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘ही बाई अजून त्याच घरात आहे?’

तुमच्या सरोवरात दोन वायू आहेत. एक जळणारा, तो तुम्ही काढता. दुसरा जळत नाही आणि विझवतो. आपण श्वास सोडतो त्यातला, पण तिथे तो अमाप आहे. तो हवेपेक्षा जड असतो. खडकाच्या भेगांतून झिरपतो आणि पाण्यासारखा खोलगट जागी साचतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. वारा नसेल तर साचत जातो. झोपेचा खड्डा म्हणजे तोच. आईची खोलीही आता तसाच खड्डा झाली आहे. मांजर आधी का गेलं, तर ते जमिनीजवळ जगतं.

मी भुतंखेतं म्हणून जे गाळलं तेच खरं होतं, आणि जे साधनसंपत्ती म्हणून सगळ्यात आधी लिहिलं त्याच्या उशाशी तुम्ही झोपता आहात.

त्याने आणखी एक सांगितलं, ते तुला सांगावं की नाही याचा रात्रभर विचार केला. सांगते. हे जे झिरपतं ते थोडं आहे. खरा साठा तळाशी आहे. कडा कोसळली, जमीन हलली, तळाचं पाणी ढवळून वर आलं, तर बाटलीचं झाकण उडतं. मग तो वायू एकदम बाहेर पडतो आणि काठाकाठाने पसरतो. तसं होईलच असं नाही. शंभर वर्षांत होणार नाही, किंवा उद्या होईल.

कंदील पेटवून दोरीने हळूहळू जमिनीकडे सोड. जिथे विझेल, तिथून खाली मरण आहे असं समज. आईला वर हलव, आजच. मी दादाला तारही करते आहे.

तुझीच,
नकाशेबाई


५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

तुझी तार कंपनीच्या कचेरीत आली. इथे तार दुसरीकडे कुठे येत नाही. ती माझ्या हातात पडायच्या आधी चौघांनी वाचली होती. ‘आईला खोलीतून काढ, विषारी वायू’ अशी भाषा तारेत लिहितात का? मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं, तुमच्या घरून गावात घबराट पसरवायचा उद्योग चाललाय का म्हणून.

झिरपा सगळ्या काठाला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमची माणसं मोजमाप ठेवतात. काळजीचं कारण नाही.

आईला वर हलवता येणार नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक घराला अशी खालची खोली आहे, तीत म्हातारी माणसं, पोरं राहतात. फोरमनच्याच घरात पळापळ झाली तर बाकीच्यांनी काय समजायचं? साहेबांनी हे मला स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. हिलाही मी समजावलं आहे. तू पुस्तकं वाचून तिचं डोकं फिरवू नकोस.

पुस्तकासाठी आकडे मागणार असशील, तर यंदाचे आकडे बाहेर द्यायचे नाहीत असा हुकूम आहे. बाकी ठीक.

दादा


१२ नोव्हेंबर

प्रिय नकाशेबाई,

माफी पोचली. मीही जरा जास्तच ताठले होते. तो विषय संपला.

कंदील सोडून पाहिला. सकाळी, वारा नसताना, आई अंगणाच्या वरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या तेव्हा. खोलीच्या दारात उभी राहून दोरीने खाली सोडला. माझ्या कमरेशी नीट जळत होता. गुडघ्यापाशी ज्योत लांब झाली, काजळी धरली. त्याच्या खाली वीतभर गेला आणि विझला. कुणी चिमटीत धरावी तशी ज्योत गेली. मी पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच. मग कंदील तिथेच टाकून मी वर पळाले आणि शिंपीणबाईंच्या समोर बसून रडले.

तुझ्या दादाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल, पण तो म्हणाला, ‘खाटेखाली विटा लाव. ओल आहे म्हणून सांग कुणी विचारलं तर.’ मग जेवला नाही. मी विचारलं, तुला काय ठाऊक आहे? तर म्हणाला, मला ठाऊक असायची परवानगी नाही.

मी आणि शिंपीणबाईंनी ठरवलंय. तो कामावर गेला की आईंना खुर्चीत बसवून दोघी मिळून वर नेतो. त्या खुर्चीत बसून आम्हाला डावं-उजवं सांगतात, राजाच्या पालखीसारखं. तो यायच्या आत खाली. रात्री मी खाटेशेजारी जमिनीवर कंदील ठेवते आणि कट्ट्यावर बसून त्याच्यावर डोळा ठेवते. गल्लीत सांगितलंय, शिंपीणबाईंना आई काजं-बटणं करून देतात म्हणून.

पण हे तुझ्या दादाला सांगावं की नाही? मला वाटतं सांगावं. त्याच्यापासून इतकं मोठं आजवर काही लपवलेलं नाही. तू काय म्हणतेस?

तुझी,
वहिनी


२३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

सांगू नकोस.

त्याला कळलं तर त्याला एक तर तुम्हाला थांबवावं लागेल, नाही तर साहेबांशी खोटं बोलावं लागेल, आणि खोटं बोलणं त्याला कधीच जमलेलं नाही. चेहऱ्यावर सगळं उमटतं. त्याला माहीतच नसलेलं बरं. पुस्तक छपाईला गेलं की मीच येते आणि आईला घेऊन जाते. थोडेच दिवस.

वर्तमानपत्रात वाचलं, तुमच्याकडे यंदा दुसरा पाऊस फार लागलाय. कड्यांकडे लक्ष ठेव. मला हल्ली कुठे खोलगट जागा दिसली की पाय आखडतात. काल कचेरीच्या तळघरात कागद आणायला गेले आणि अर्ध्या जिन्यातून परत फिरले.

तुझी,
नकाशेबाई


८ डिसेंबर

वहिनी,

दोन टपालं गेली, तुझं पत्र नाही. आज वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आहेत: ‘सरोवरकाठी दुर्घटना, मृतांची संख्या अनिश्चित.’ तुमच्या गावाचं नाव आहे. कंपनीला तार केली, उत्तर नाही. तिकडे जाणाऱ्या गाड्या बंद केल्या आहेत.

एक ओळ लिही. कुणाच्याही हाताने लिही. कोण कोण आहे एवढंच लिही.

धाकटी


१२ डिसेंबर

चि. पोरीस आशीर्वाद.

आईच लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून वाच. आधी हे सांगते की आम्ही तिघंही आहोत. तुझा दादा श्वास घेतो आहे. आम्ही वर डोंगरावरच्या शाळेत आहोत, तिथेच दवाखाना केलाय. तुझी वहिनी त्याच्याजवळ बसलेली असते. ती लिहीत नाही, बोलतही नाही. म्हणून मी.

त्या दिवशी सकाळी वारा अजिबात नव्हता. आठ दिवस पाऊस लागून नुकता थांबला होता. मी वर शिंपीणबाईंच्या खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, तुझी वहिनी कचेरीचे पडदे इस्त्री करत होती. पलीकडच्या काठाचा अख्खा कडा सुटला आणि पाण्यात गेला. मला वाटलं ढग गडगडले. मग सरोवराचं पाणी मधोमध फुगलं, दूध उतू जायच्या आधी वर येतं तसं, आणि फुटलं. पाणी विटकरी झालं. त्यातून पांढरं धुकं निघालं आणि काठाकाठाने सरकत आलं. त्याला काही घाई नव्हती. ते मासळीबाजारात शिरलं आणि तिथला गलका बंद झाला. कुणी ओरडलं नाही, पोरी. माणसं आधी खाली बसली, मग आडवी झाली. मी वरून पाहिलं. म्हातारपणी हे पाहायला नको होतं.

धुकं आपल्या अंगणात आलं, दोन पायऱ्या उतरून माझ्या खोलीत गेलं आणि तिथे थांबलं. आम्ही वर होतो, आम्हाला फक्त डोकेदुखी आणि तोंडात आंबट.

तुझ्या दादाची पाळी त्या दिवशी डोंगरावरच्या कचेरीत होती. तो वर होता, सुखरूप होता. तिथून त्याने धुकं गल्लीत शिरताना पाहिलं आणि तो धावत सुटला. मागच्या वाटेने आला. तुझ्या वहिनीने मागच्या सज्जातून पाहिलं आणि ओरडली, ‘आई वर आहेत, वर.’ मी पण ओरडले. कंपनीचा भोंगा वाजत होता, त्याला काय ऐकू जाणार. छातीत श्वास भरून तो सरळ माझ्या खोलीत शिरला. मी रिकाम्या खोलीच्या डोक्यावर बसले होते आणि माझा मुलगा मला शोधायला तिच्यात गेला.

तो बाहेर येईना. खाटेखाली, पडद्यामागे शोधत राहिला असेल. मी सापडल्याशिवाय तो कसा येणार.

मी तुझ्या वहिनीचा पदर धरला होता. खरं सांगते, सोडत नव्हते. म्हटलं, तो गेला, तू तरी जाऊ नकोस. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. पडद्याला पडदा बांधून एक टोक शिंपीणबाईंकडे दिलं, दुसरं हातात घेतलं, श्वास कोंडला आणि जिना उतरली. तो दारातच पडला होता. त्याच्या काखेतून पडदा घालून गाठ मारली आणि परत फिरली. चौथ्या पायरीवर तिने तोंड उघडून श्वास घेतला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. मग शिंपीणबाई, मी आणि ती असं तिघींनी ओढला. त्याचा हात कठड्यावर आपटत, खरचटत वर आला. वर आणून पाणी मारलं, छाती चोळली. कितीतरी वेळाने त्याने एकदा श्वास घेतला.

गल्लीतल्या खालच्या खोल्यांतून कुणी निघालं नाही.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो कुणाला न विचारता सरळ माझ्या खोलीकडे धावला. म्हणजे आधी कुठे भरेल हे त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. तरी तुझ्या दादावर रागावू नकोस. तो धावला.

आई


१४ जानेवारी

प्रिय नकाशेबाई,

आता लिहू शकते. तू येते म्हणालीस, पण बाहेरून इकडे यायची वाट अजून उघडलेली नाही. उघडली की आम्हीच निघतो. पाणी पुन्हा निळं झालंय. लोक खाली परत जाऊ लागलेत, बाजार भरतो म्हणे. मी इथून खाली बघतसुद्धा नाही. कंपनीचा माणूस आला होता, घरं निर्धोक आहेत म्हणाला. मी त्याला विचारलं, तुम्ही कुठे राहता? तो म्हणाला, डोंगरावर.

तुझा दादा शुद्धीवर आलाय. चालतो, जेवतो, आम्हाला ओळखतो. पण त्या दिवसातलं त्याला धड आठवत नाही. धावत आलो आणि दार उघडलं एवढं आठवतं, पुढे काळोख. पहिल्या दिवशी त्याने आईंना समोर बसलेलं पाहिलं आणि लहान मुलासारखा रडला. मग विचारलं, ‘तुला कुणी बाहेर काढलं?’

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. आई आधी बोलल्या. म्हणाल्या, ‘कोण काढणार? तूच उचलून आणलंस ना रे.’

मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तुला कसं सांगू. गल्लीतली सगळी माणसं त्याच्या मानेवर बसली आहेत, नकाशेबाई. झोपेत तो एकेका दाराचं नाव घेतो. तेवढ्या सगळ्यांत हे एकच त्याच्या हाताला लागलंय, की आईला मी काढलं. त्यावर तो उभा राहिलाय. साहेबांविरुद्ध जबानी द्यायला तयार झालाय, सगळे आकडे सांगणार म्हणतो.

आपण सांगितलं असतं तर तो वरच राहिला असता, हे मला रोज टोचतं. तुलाही टोचत असणार. पण तू ‘सांगू नकोस’ म्हणालीस म्हणून मी तुला बोल लावणार नाही. मी मोठी आहे, मला ठरवता येत होतं.

आता तो कधीकधी शंका काढतो. म्हणतो, मला तिचं वजन आठवत नाही. तू त्याला पत्र लिही. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे. त्याला वाटतं, तू लेखी खोटं लिहीत नाहीस.

तुझी,
वहिनी


२७ जानेवारी

ती. दादास,

तू शुद्धीवर आलास हे कळलं आणि जिवात जीव आला. तारेवरून मी तुझ्यावर चिडले होते, ते सगळं आता विसर. मीही विसरले.

आईने मला त्या दिवसाबद्दल पत्र पाठवलं, त्यात सगळं आहे. तू मागच्या वाटेने धावत गेलास, खालच्या खोलीत शिरलास आणि तिला खाटेवरून उचललंस. ती म्हणते, तू तिला दोन्ही हातांवर घेतलंस आणि जिन्यापर्यंत आणून वर ढकललंस, मग तुझाच तोल गेला. वजन तुला आठवणार नाही. ती हल्ली किती वाळली आहे ते तूच बघ. तुझा हात कठड्यावर आपटून खरचटला होता म्हणे. ते भरलं का?

जबानी दे. जे ठाऊक असायची परवानगी नव्हती, ते सगळं सांग. मी पुस्तकाचं ते पान छापखान्यातून परत मागवलं आहे आणि पुन्हा लिहिते आहे. झिरप्याचं, खोलगट जागांचं, कंदिलाचं, सगळं त्यात येईल. आमचे साहेब नाही म्हणतात. बघू.

वाट उघडली की तिघं निघा, शिंपीणबाई येत असतील तर त्यांनाही घ्या. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. आईसाठी खुर्ची उचलायला आपण दोघं आहोत.

मनात कधी शंका आली तर एकटा कुढत बसू नकोस. वहिनीला विचार. ती सज्जात होती, तिने सगळं पाहिलं आहे.

तुझी,
धाकटी